कंबर एक इंच जास्त

बाईंनी चाव्यांचा जुडगा मास्तरांच्या तळहातावर ठेवला आणि मास्तरांनी तो निखारा असल्यासारखा दुसऱ्या हातात टाकला.

खरं तर हाच दिवस उजाडावा म्हणून मास्तर तीस वर्षं मशीनवर वाकून बसले होते. दुकान बाईंचं, पाटीवर नाव बाईंच्या नवऱ्याचं. पण कपडे बेतायचे मास्तरांनी, कापायचे मास्तरांनी आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची तीही मास्तरांनीच. आता बाई थकल्या होत्या. परगावी लेकीचे दिवस भरत आले होते आणि बाई आठवडाभर तिच्याकडे निघाल्या होत्या. बॅग दाराशी येऊन उभी होती.

"हे बघा मास्तर," बाई म्हणाल्या, "आठवडाभर दुकान तुम्हीच उघडायचं, तुम्हीच बंद करायचं. नीट जमलं तर चाव्या तुमच्याकडेच राहतील. मी परत मागणार नाही, दुकान तुम्हीच चालवा. नाही जमलं तर माझा भाचा बसलाय टपून. त्याला इथे मोबाइलची कव्हरं विकायचीत."

"न जमायला काय झालं बाई? कुलूप तर उघडायचं."

"कुलपाचं कोण बोलतंय? मी त्याचं बोलतेय."

बाईंनी दारामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी तिकडे न बघताच मान हलवली. तिकडे बघायचं ते शक्यतो टाळायचे. तिथे अलार्मचा कीपॅड होता.

शेजारच्या घड्याळाच्या दुकानात चोरी झाली आणि बाईंनी आठवड्याच्या आत हे यंत्र बसवून घेतलं. बसवून झाल्यावर अलार्मवाल्याने भोंगा एकदा वाजवून दाखवला. त्या वेळी मास्तरांच्या ओठांत चार टाचण्या होत्या. भोंगा थांबल्यावर मोजल्या तर तीनच निघाल्या. चौथी दोन दिवसांनी एका कॉलरमध्ये सापडली, पण ते दोन दिवस मास्तरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. खोकायलासुद्धा भ्यायचे बिचारे.

अलार्मवाल्याने सगळं समजावून सांगितलं होतं. दार उघडलं की यंत्र टूं टूं करायला लागतं. तीस सेकंदांत चार आकडे दाबायचे आणि मग हिरवं बटण. दिवा हिरवा झाला की काम झालं. नाही दाबलं तर भोंगा.

"आणि आता खरी गंमत ऐका," अलार्मवाला रंगात येऊन म्हणाला होता. "समजा, चोर तुमच्या पाठीला सुरी लावून म्हणाला, कर बंद. तर नंबर तोच दाबायचा, फक्त शेवटचा आकडा एकाने वाढवायचा. आवाज नाही, काही नाही. दिवा हिरवाच होणार. चोराला वाटणार, बंद झाला. पण आमच्या ऑफिसात बरोबर कळतं. सात मिनिटांत आमचे गार्ड दारात!"

"आणि समजा, ते चुकून दाबलं गेलं तर?" मास्तरांनी विचारलं होतं. असले प्रश्न त्यांना लगेच सुचायचे. "मी गार्डना सांगितलं की बाबांनो, काही झालेलं नाही, तर?"

"तर ते अजिबात ऐकणार नाहीत. मानेवर सुरी असलेला माणूस हेच सांगणार ना, की काही झालेलं नाही? मालकिणीने स्वतः फोनवर परवलीचा शब्द सांगेपर्यंत आम्ही कोणावरही विश्वास ठेवत नाही."

हे ऐकल्यापासून मास्तरांना भोंग्यापेक्षा त्या न वाजणाऱ्या नंबराचीच जास्त धास्ती बसली होती.

"नंबर ऐका," बाई आता कुजबुजल्या. "चाळीस चौतीस. कुठेही लिहून ठेवायचं नाही."

"नाही बाई. चाळीस चौतीस."

बाई रिक्षा बघायला बाहेर गेल्या आणि तेवढ्यात मास्तरांच्या डोक्यात त्याचे चौतीस चाळीस झाले. मग चौऱ्याऐंशी का काहीतरी. नशिबाने बाई पायरीवरून पुन्हा डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय नंबर?" मास्तर म्हणाले, "तुम्हीच सांगा, मी ताडून बघतो." बाईंनी सांगितला आणि त्या गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मापाची वही उघडली. नंबर नंबरासारखा थोडाच लिहायचा होता? एका कधीच न आलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर पँटचं माप म्हणून लिहायचा. उंची अमुक, कंबर तमुक. चोराच्या बापालाही कळायचं नाही.

इथे मास्तरांची एक सवय सांगायला हवी. माप द्यायला आलेला माणूस टेप कमरेभोवती आला की पोट आत घेतो. लहान घेतो, मोठा घेतो, वजनकाट्यासमोर खरं बोलणारासुद्धा टेपसमोर पोट आत घेतोच. म्हणून मास्तर कंबर टेपवर दिसेल त्यापेक्षा एक इंच जास्त लिहीत. तीस वर्षं लिहीत होते. आता तर हात आपोआप लिहायचा, डोक्याला विचारायचासुद्धा नाही. आजही हाताने डोक्याला विचारलं नाही. मास्तरांनी वही मिटली, बगलेत मारली आणि निर्धास्त घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मास्तर दुकानासमोर उभे राहिले. शटर वर केलं. दाराला चावी लावली. दार ढकललं आणि लगेच भिंतीवरून सुरू झालं, टूं, टूं, टूं.

मास्तरांनी बगलेतली वही ओढली. वही उघडावी तर पानं एकमेकांना चिकटलेली. मॅनेजरसाहेबांचा कोट आला, बँडवाल्यांचे बारा सदरे आले, ते कधीच न आलेलं गिऱ्हाईक काही येईना. टूं टूं आता घाई करायला लागलं. "थांब रे, थांब जरा," मास्तर भिंतीला म्हणाले. शेवटी पान सापडलं. चार. शून्य. तीन. पाच. आणि हिरवं बटण.

सगळं शांत झालं. दिवा हिरवा झाला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते कीपॅडकडे पहिल्यांदाच सरळ मान करून बघत होते. "हात्तिच्या! एवढंच होय?" ते मोठ्याने म्हणाले. यंत्राला त्यांनी फडक्याने पुसलंसुद्धा. मग मशीनवरचं कापड काढलं, मोठी कात्री टेबलावर ठेवली, खडू काढला आणि चाव्यांचा जुडगा खिशात टाकून वरून थोपटला. आठवड्यातला एक दिवस तर झाला, असं त्यांना वाटलं. नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती.

नऊ वाजून तीन मिनिटांनी भाचेबुवा आत आले.

भाचेबुवा म्हणजे दारातून यायचे तर आधी पोट, मग गॉगल, मग बाकीचे. ते कधी गिऱ्हाईक म्हणून आलेच नव्हते. आले की भिंती मोजत. आजही कपाटापासून काऊंटरपर्यंत पावलं टाकून झाली आणि मग ते मास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"काय मास्तर, उघडलंत वाटतं दुकान? भोंगा नाही वाजला?"

"नाही वाजला."

"आज नाही वाजला. उद्या वाजेल. या वयात कशाला जिवाला घोर?" भाचेबुवांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि बोलता बोलता हवेत कचकच चालवायला सुरुवात केली. "असं करा, आत्याला फोन लावा. म्हणावं, मला झेपत नाही. आणि चाव्या द्या माझ्याकडे. मी बघतो पुढचं."

मास्तर मागे सरकले. मागे भिंत होती. कात्री त्यांच्या बटणांपासून हातभर अंतरावर कचकचत होती.

"ती... ती रिकामी चालवू नका. धार जाते."

"चाव्या, मास्तर."

"चाव्या... नाही मिळायच्या."

"काय?"

"बाईंनी मागितल्या तर बाईंना देईन. तुम्हाला नाही."

बोलून गेल्यावर मास्तर स्वतःच दचकले. असं कोणाला तोंडावर बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. भाचेबुवाही चक्रावले. ते टेबलावरून पुढे वाकले, कात्री मास्तरांच्या नाकासमोर धरून म्हणाले, "पुन्हा विचारतो..."

आणि दार धाडकन उघडलं.

"कात्री खाली! हात वर!"

दारात दोन गार्ड होते. एक आडवा, एक काटकुळा. दोघांच्या हातात दंडुके होते. मास्तरांचे हात सर्रकन वर गेले.

"काका, तुम्ही नाही हो!" आडवा गार्ड ओरडला.

"असू द्या," मास्तर म्हणाले. "वर आहेत ते बरे आहेत."

"अरे, कोण तुम्ही?" भाचेबुवा गरजले. "हे माझ्या आत्याचं दुकान आहे!"

"हो का?" काटकुळा म्हणाला. "मागच्या महिन्यात एक पकडला, तो म्हणत होता आजीचं आहे."

भाचेबुवा कात्रीसकट दाराकडे निघाले. त्यांना फक्त बाहेर जायचं होतं, पण गार्डना ते कसं कळावं? आडव्या गार्डने त्यांना मिठी मारली, दोघेही कापडाच्या गठ्ठ्यावर कोसळले आणि टर्रकन आवाज झाला. गार्डची पँट मागून उसवली होती. पण गडी कर्तव्यदक्ष. तसाच भाचेबुवांच्या पाठीवर बसून राहिला.

"काका, बांधायला काही आहे का?"

"इलॅस्टिक आहे. रुंद देऊ की अरुंद?" मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मास्तर!" खालून भाचेबुवा केकाटले.

"अहो, पण बांधता कशाला? तुम्ही आलात तरी कसे?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच तर बोलावलंत! धोक्याचा नंबर दाबलात ना? चाळीस पस्तीस."

मास्तरांची नजर वहीकडे गेली. वही उघडीच होती. उंची चाळीस, कंबर पस्तीस. मास्तरांचे डोळे पांढरे झाले. तीस वर्षांत त्यांना आपल्या उजव्या हाताचा एवढा राग कधी आला नव्हता.

"चुकून झालं हो!" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "माझ्या हातून चुकून दाबला गेला. कसलाही धोका नाही. हे खरंच बाईंचे भाचे आहेत."

गार्डनी एकमेकांकडे पाहिलं.

"ऐकलंस?" आडवा म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये सांगतात ना, अगदी तसंच. शब्दन् शब्द."

"बिचारे थरथर कापतायत बघ," काटकुळा म्हणाला. "काका, आता घाबरू नका. आम्ही आलोय ना."

"अहो, मी तुम्हालाच घाबरतोय!"

"असं पढवलंय का त्याने तुम्हाला?"

खरं सांगावं तर जास्तच खोटं वाटत होतं. ते मुकाट्याने इलॅस्टिक घेऊन आले. रुंदच आणलं, अरुंद काचतं. काटकुळ्याने त्या पट्टीने भाचेबुवांना स्टुलाला बांधलं, पण इलॅस्टिकच ते, भाचेबुवा चिडून पुढे झाले की ते ताणायचं आणि त्यांना पुन्हा स्टुलावर आणून बसवायचं.

काटकुळा बाईंना फोन लावत राहिला. बाई उचलेनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. काचेबाहेर माणसं जमली. "मास्तरांना लुटलं म्हणे." "छे, मास्तरांनीच कोणाला तरी कात्री मारली." घड्याळवाला नाक काचेला लावून उभा होता, त्याच्या दुकानात चोर आला तेव्हा एवढी गर्दी झाली नव्हती, म्हणून तो जरा नाराजही दिसत होता.

मास्तर खुर्चीत बसून होते. गार्डची भीती आता मागे पडली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त बाई होत्या. आठवडाभर म्हणाल्या होत्या बाई. आठवडा कसला, आपल्याला सात मिनिटंसुद्धा झेपलं नाही. खिशातला जुडगा त्यांनी मुठीत धरला. तीस वर्षं वाट बघितली आणि एका इंचाने सगळं गेलं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते रडायच्याच बेतात आले.

"हॅलो!" काटकुळा एकदम ताठ झाला. "मॅडम, तुमच्या दुकानातून धोक्याचा नंबर आला. आम्ही पोचलो तर एक इसम मोठी कात्री घेऊन तुमच्या मास्तरांवर धावून जात होता. गॉगल आहे. म्हणतो भाचा... हो, जाडच आहे... परवलीचा शब्द? बरोबर, काज-बटण. थांबा, स्पीकरवर टाकतो."

"काय रे," फोनमधून बाईंचा आवाज आला आणि भाचेबुवा इलॅस्टिकसकट आक्रसले. "मी काल गावाला आले. आज सकाळी सकाळी दुकानात काय करत होतास?"

"काही नाही आत्या, सहज."

"सहज काय?"

"चाव्या... सहज मागत होतो."

बाई गार्डना म्हणाल्या, "सोडा त्याला. आणि दाराबाहेर नेऊन सोडा. पुन्हा आत दिसला तर बांधायला माझी परवानगी विचारायची गरज नाही."

इलॅस्टिक सुटलं आणि भाचेबुवा गर्दीतून वाट काढत गेले. गॉगल इथेच राहिला, तो मागायलाही ते परत आले नाहीत. गार्डनी मास्तरांना चक्क सलाम ठोकला.

"मानलं काका! समोर कात्री, आणि तुम्ही बरोबर शेवटचा आकडा वाढवून दाबलात. भल्याभल्यांची बोबडी वळते."

"तुमची पँट," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, "कमरेत एक इंच कमी पडतेय."

गार्ड दोन्ही हात मागे धरून निघून गेला. फोन मास्तरांच्या हातात आला. आता गप्प बसलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मास्तरांना गप्प बसायचीही भीती वाटली.

"बाई, मी धाडस वगैरे काही केलेलं नाही. भाचेसाहेब यायच्या आधीच मी..."

"वहीत लिहिलात नंबर," बाई म्हणाल्या.

"हो."

"कंबर म्हणून."

"हो."

"आणि सवयीने एक वाढवलात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं बघतेय मी तुमची ती वही. टेपवर माझी कंबर एक आणि वहीत वेगळीच. मी कधी काही बोलले?"

मास्तरांची मान खाली गेली. "चुकलं बाई. चाव्या कोणाकडे देऊ ते सांगा."

"ते सांगते. आधी मला सांगा, त्याने चाव्या मागितल्या तेव्हा कात्री त्याच्या हातात होती?"

"होती. रिकामी चालवत होते."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. फार वाटली. पण चाव्या तुमच्या होत्या ना."

"होत्या," बाई म्हणाल्या. "आता तुमच्या. आठवडा वगैरे काही नको. आणि मला नात झालीय, म्हणून फोन उचलला नव्हता. आता रडू नका, तुमचं रडणं ऐकून इकडे ती पण सुरू होईल."

मास्तर रडत नव्हतेच. म्हणजे फारसे नाही.

"अलार्मवाल्याला सांगून मी नवा नंबर घालून घेते," बाई पुढे म्हणाल्या. "लिहू नका म्हटलं तर तुम्ही लिहिणारच. म्हणून खरा नंबर सांगतच नाही. मी एक कमी सांगते, तुम्ही नेहमीसारखं लिहा."

मास्तरांनी पेन्सिल घेतली, वही घेतली, बाई बोलल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. उंची एक्केचाळीस, कंबर अडतीस. फोन ठेवला.

रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. बाईंनी कंबर सदतीस सांगितली होती आणि हाताने अडतीस लिहिली? की बाई छत्तीस म्हणाल्या आणि सकाळचा दणका बसलेला हात घाबरून एकाऐवजी दोन वाढवून गेला? आठवेना. बायको म्हणाली, "बाईंनाच विचारा की." मास्तर म्हणाले, "काय विचारू? चाव्या हातात येऊन एक दिवस नाही झाला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टूं टूं सुरू झालं. मास्तरांनी पान आधीच दुमडून ठेवलं होतं. चार. एक. तीन. आठ. हिरवं बटण. शांतता. हिरवा दिवा.

पण हाच तर घोळ होता. दिवा खऱ्या नंबरालाही हिरवा आणि धोक्याच्या नंबरालाही हिरवाच.

मास्तरांनी मोठी कात्री कपाटात टाकून कुलूप लावलं. छोटी कात्री लपवली. खडूसुद्धा खिशात ठेवला. मग ते दुकानाच्या मधोमध दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि घड्याळात बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. सात मिनिटांचा तर प्रश्न होता. एक मिनिट झालं. तीन झाली. हात दुखायला लागले. पाच झाली, सहा झाली.

सातव्या मिनिटाला दार उघडलं. दारात कालचा आडवा गार्ड उभा होता.

मास्तरांच्या पाचावर धारण बसली. हात अजून वर गेले. "चुकून झालं!" ते ओरडले. "म्हणजे हे मी खरंच सांगतोय, कोणी पढवलेलं नाही!"

गार्डने दुकानभर नजर फिरवली. साधा सदरा घातला होता त्याने, काखेत कापड होतं.

"काय चुकून झालं काका? आज सुट्टी आहे मला. पँट शिवायला आलोय." तो जरा ओशाळून हसला. "कालची गेली ना. आणि हात का वर केलेत? माप माझं घ्यायचंय."

मास्तरांनी हात खाली घेतले. खांदे चोळले, गळ्यातला टेप काढला आणि गार्डच्या कमरेभोवती आणला. गार्डने छाती फुगवून पोट आत घेतलं.

टेपवर बेचाळीस आले. मास्तरांनी वही उघडली आणि त्रेचाळीस लिहिले.